हवेच्या धास्तीतून जन्मलेली दफनभूमी

सप्टेंबर १८३८. लंडनच्या ऑल्डगेट भागातल्या एका चर्चच्या आवारात गरिबांसाठी सुमारे वीस फूट खोल सामाईक खड्डा खणलेला होता. त्यात उतरलेला कबर खोदणारा आतच मेला. त्याला वर काढायला दुसरा उतरला, तोही गेला. त्या काळच्या डॉक्टरांना यात आपल्या सिद्धांताचा धडधडीत पुरावा दिसला. सडक्या पदार्थांतून विषारी वाफ निघते आणि तीच ताप, कॉलरा, सगळं काही पसरवते, असं ते मानत. कुजणाऱ्या प्रेतांनी गच्च भरलेलं आवार म्हणजे तर त्या वाफेचा कारखानाच!

आज याचा उलगडा साधा वाटतो. जिवाणू मृत शरीर कुजवतात तेव्हा कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो हवेपेक्षा जड, त्यामुळे खड्ड्याच्या तळाशी साचतो आणि तिथे श्वासाला पुरेसा ऑक्सिजन उरत नाही. जुन्या विहिरीतला गाळ काढायला उतरलेली माणसं एकापाठोपाठ एक दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यातही बहुधा विषारी वायू किंवा ऑक्सिजनचा अभाव हेच कारण असतं. कॉलऱ्याचा याच्याशी काडीचाही संबंध नव्हता. पण इंग्लंडमधल्या गावोगावच्या नगरपालिकांनी दफनभूमी बांधायला घेतल्या, त्या बऱ्याच अंशी या चुकीच्या समजुतीच्या जोरावर.

त्यात अगदी पुढे होतं उत्तर इंग्लंडमधलं लीड्स. लोकरीच्या आणि लिननच्या गिरण्यांनी हे गाव इतकं फुगलं, की १८०१ मध्ये सुमारे ५३,००० असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये १,७२,००० वर गेली. पुरायची जागा मात्र चर्चच्या आवारांपुरतीच, तीही शतकानुशतकं वापरलेली. त्यात १८३२ मध्ये कॉलरा आला आणि सुमारे ७०० माणसं घेऊन गेला. रॉबर्ट बेकर नावाच्या तिथल्या सर्जनने रोग कुठे कुठे झाला त्याचा नकाशा काढला. गटारं नाहीत, फरसबंदी नाही, अशाच गल्ल्यांत साथीचा जोर होता. नकाशा अचूक होता, फक्त दोष पाण्याऐवजी हवेला दिला गेला. कॉलरा दूषित पाण्यातून पसरतो हे दाखवणारा डॉक्टर जॉन स्नोचा लंडनमधला सुप्रसिद्ध नकाशा यायला अजून वीसेक वर्षं होती.

पुढे सार्वजनिक आरोग्याचे खंदे पुरस्कर्ते एडविन चॅडविक यांनी तर तीव्र दुर्गंध म्हणजेच तीव्र आजार, असं थेट पार्लमेंटच्या समितीपुढे सांगितलं. नाकावर इतका भरवसा क्वचितच कुणी टाकला असेल.

लीड्समध्ये १८३५ पासून एका खाजगी कंपनीची दफनभूमी होती, पण गिरणीकामगाराला तिथली जागा कशी परवडणार? १८४२ मध्ये पार्लमेंटने लीड्ससाठी स्वतंत्र कायदा केला आणि १८४५ मध्ये नगरपालिकेच्या दोन दफनभूमी सुरू झाल्या, एक बेकेट स्ट्रीटवर आणि दुसरी हन्स्लेटमध्ये. इंग्लंडमधल्या पहिल्यावहिल्या नगरपालिका दफनभूमींत यांची गणना होते. बाकीच्या गावांना कायद्याने ही वाट मोकळी व्हायला १८५३ उजाडलं.

बेकेट स्ट्रीटवर सगळंच दोन-दोन होतं. अर्धी जमीन बिशपने पवित्र केलेली, अँग्लिकन पंथीयांची. अर्धी त्या चर्चला न मानणाऱ्यांची. म्हणून प्रार्थनागृहं दोन, नोंदवह्याही दोन. दोन्हीकडची माती एकच होती, हे वेगळं सांगायला नको.

या जागेचं खरं वैशिष्ट्य म्हणजे तिथल्या ‘गिनी ग्रेव्ह्ज’. स्वतंत्र कबर घेणं कामगारांच्या आवाक्यात नव्हतं आणि सामाईक खड्ड्यात नाव लागत नसे. मधला मार्ग निघाला तो असा: एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग भरायचे, कबर अनोळखी लोकांबरोबर वाटून घ्यायची, पण दगडावर नाव कोरलं जाणार. दगडाची पुढची बाजू भरली की मागची. अशा दगडांवर लहान मुलांची नावं इतकी आढळतात, की बालमृत्यूचा वेगळा तक्ता मांडायची गरज वाटू नये. रस्त्यापलीकडे १८६१ मध्ये गरिबांचं सरकारी वर्कहाउस उभं राहिलं. तिथे मेलेल्यांच्या नशिबी हीसुद्धा चैन नव्हती. त्या इमारतीत आता वैद्यकशास्त्राचं संग्रहालय आहे.

मग दफन चर्चच्या आवारांतून बाहेर हलवण्याचा निर्णय चुकला का? मुळीच नाही. उथळ कबरींतून झिरपणारं पाणी जवळच्या विहिरींत नायट्रोजनयुक्त द्रव्यं आणि जिवाणू नेऊ शकतं. इंग्लंडमध्ये आजही पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून कबर किमान २५० मीटर दूर हवी, असा दंडक आहे. पण नुसत्या दफनभूमीने कॉलरा थांबणार नव्हता. १८४९ च्या साथीत लीड्समध्ये दोन हजारांवर माणसं मेली, कारण पिण्याचं पाणी आणि मैला यांची गाठ अजून सुटलेली नव्हती.

गंमत पुढेच आहे. मेलेल्यांमुळे हवा बिघडेल म्हणून धास्तावलेल्या या गावाच्या डोक्यावर कोळशाचा धूर अहोरात्र घोंघावत होता. लीड्स विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ ज्युलियस कोहेन आणि आर्थर रस्टन यांनी गावात जागोजागी पडणारी काजळी आणि पावसातलं आम्ल मोजलं आणि १९१२ मध्ये निष्कर्ष छापले. हन्स्लेटसारख्या कारखान्यांच्या भागात पडणारी काजळी मोकळ्या उपनगरांच्या कितीतरी पट निघाली.

या धुराची नोंद थडग्यांनीही ठेवली. कोळशातलं गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होतो, तो ओलाव्यात मिसळून आम्ल बनतो आणि संगमरवराचं जिप्सममध्ये रूपांतर करतो. जिप्सम पावसाने धुऊन जातं, की पृष्ठभाग झिजलाच. व्हिक्टोरियन कारागीर संगमरवरात अक्षरांच्या खाचा करून त्यांत शिसं ठोकून बसवत आणि ते पृष्ठभागाशी समतल करत. दगड झिजतो, शिसं जवळजवळ तसंच राहतं, म्हणून अक्षरं वर उचललेली दिसतात. दगड कधी बसवला ते माहीत असेल, तर हा उंचवटा मोजून झीज दर शतकाला किती मिलिमीटर, ते काढता येतं. ब्रिटनमधल्या दफनभूमींत भूगोलाच्या अभ्यासकांनी नेमकं हेच केलं आहे.

दगडावरची लायकेनही, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांच्या सहजीवनातून बनलेले थरही, हवेची साक्ष देतात. गोडा मसाल्यातलं दगडफूल हेही लायकेनच. बहुतेक जाती गंधकाच्या धुरात तग धरत नाहीत, पण ‘लेकानोरा कोनिझिओइडीस’ ही राखाडी-हिरवट जात त्यातच फोफावली आणि औद्योगिक गावांत सर्रास दिसू लागली. १९५६ चा स्वच्छ हवा कायदा आला, पुढे कोळसाही मागे पडला आणि या जातीलाच उतरती कळा लागली. तिने सोडलेल्या जागांवर आता धुराने हुसकावलेल्या जाती परतताहेत.