धंद्यावरून नाव पडलेली माणसं: ब्राझीलचे लोक घडले कसे

गोव्यात सकाळी सायकलचा भोंगा वाजवत दारात येतो तो पोदेर, म्हणजे पाववाला. शब्द पोर्तुगीज, मूळ 'पादेइरो'. पोर्तुगीजमध्ये 'एइरो' हे शेपूट लागलं की बहुतेक वेळा माणसाचा धंदा कळतो, आपल्या 'वाला'सारखा. लेइतेइरो म्हणजे दूधवाला, सापातेइरो म्हणजे जोडे शिवणारा. आणि ब्राझिलेइरो म्हणजे ब्राझीलचा नागरिक. देशाच्या रहिवाशाला खरं तर वेगळे प्रत्यय लागतात. अंगोलाचा तो आंगोलानो, कॅनडाचा तो कानादेन्से. मग ब्राझीलचाच माणूस 'वाला' कसा झाला?

कारण सुरुवातीला तो खरोखरच ब्राझीलवाला होता. ब्राझील हे आधी एका लाकडाचं नाव. निखाऱ्यासारखा लाल रंग देणारं हे लाकूड युरोपात मध्ययुगापासून आशियातून जात असे. आपल्याकडे त्या झाडाला पतंग म्हणतात. पोर्तुगीजांना अटलांटिकपलीकडच्या किनाऱ्यावर त्याच जातकुळीचं झाड मुबलक सापडलं, त्याला तेच नाव मिळालं, झाडावरून किनाऱ्याला मिळालं आणि लाकडाचा व्यापार करणाऱ्यावरून तिथल्या माणसांना. म्हणजे ब्राझीलच्या नावाचं एक मूळ आपल्या बाजूच्या जंगलात आहे.

तिथे पोर्तुगीज पोचले तेही हिंदुस्थानला जाताना. पेद्रो आल्वारेस काब्राल १५०० च्या मार्चमध्ये १३ जहाजं घेऊन लिस्बनहून कालिकतला निघाला. वारा साधण्यासाठी त्याने ताफा पश्चिमेला बराच बाहेर काढला आणि २२ एप्रिलला आजच्या बाहिया राज्याचा किनारा दिसला. मुद्दाम गेला की योगायोगाने, यावर इतिहासकार अजून भांडतात. ताफ्यातला कारकून पेरो वाझ द कामिन्या याने राजाला लांबलचक पत्र लिहिलं, त्यात किनाऱ्यावरची उघडी, धनुष्यबाण बाळगणारी माणसं बारकाईने टिपली. पत्र घेऊन एक जहाज मागे फिरलं, बाकीची पुढे निघाली. कामिन्या मात्र घरी परतला नाही. त्याच वर्षाअखेर कालिकतच्या पोर्तुगीज वखारीवर हल्ला झाला, त्यात तो मारला गेला असं मानतात. ब्राझीलचा पहिला बखरकार केरळच्या मातीत गेला.

पहिली तीसेक वर्षं लिस्बनला या किनाऱ्याचं फारसं सोयरसुतक नव्हतं. मिरी-मसाल्याचा पैसा इकडे होता. तिकडे थोडे पोर्तुगीज पुरुष राहिले, आणि त्यांचं बस्तान बसलं ते सोयरिकीवर. त्या किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांत, तुपी लोकांत, परक्याला मुलगी दिली की तो नात्यात येई आणि सासरचं सगळं गोत त्याच्या कामाला उभं राही. जोआंव रामाल्यो नावाच्या पोर्तुगिजाने तिबिरिसा या सरदाराच्या मुलीशी, बार्तिराशी घरोबा केला आणि साओ पावलोच्या पठारावर तो जवळपास राजासारखा वावरला. अशा घरांतली मुलं आईची भाषा बोलत. तुपीवरून घडलेली 'सामान्य भाषा' साओ पावलोत आणि अ‍ॅमेझॉनच्या बाजूला अठराव्या शतकापर्यंत घराघरांत चाले. पोर्तुगीजचा वरचष्मा झाला तो १७५० च्या दशकात लिस्बनच्या हुकमाने.

हे गोड चित्र इथेच थांबवलं तर खोटं ठरेल. याच मिश्र घरांतले पुरुष पुढे 'बांदेइरांते' झाले. टोळ्या करून ते रानात घुसत, मूळ रहिवाशांना पकडून आणत आणि गुलाम म्हणून विकत. ब्राझीलचा नकाशा पश्चिमेला इतका रुंदावला त्याचं बरंचसं श्रेय यांचं, म्हणून साओ पावलोच्या गव्हर्नरचा वाडा आजही त्यांच्या नावाने आहे. २०२१ मध्ये त्याच शहरात बोर्बा गातो या बांदेइरांतेच्या अवाढव्य पुतळ्याच्या पायाशी टायर रचून आग लावण्यात आली. माझ्या मते हा वाद आपल्याला समजवून सांगावा लागू नये.

तुपी लोकांकडून आलेली सगळ्यात टिकाऊ गोष्ट म्हणजे मान्योक हा कंद. त्याच्या कडू जातीत विष असतं, कच्चा खाल्ला तर जीव जाऊ शकतो. बायका तो किसत, मग 'टिपिटी' नावाच्या वेताच्या लांबट पिशवीत भरत. ही पिशवी वर टांगून खालून ताणली की ती बारीक आणि लांब होत जाते, पोटातला कीस पिळला जातो आणि विषारी रस निथळतो. उरलेला चोथा भाजून 'फारिन्या' करायचा, रसाच्या तळाशी बसलेली पांढरी खळ म्हणजे टापिओका. पोर्तुगीज शिपायाने हाच फारिन्या खाल्ला, गुलामांच्या जहाजांवरही हाच भरला गेला आणि आजही भात-घेवड्यावर तो भुरभुरल्याशिवाय अनेक ब्राझिलियनांचं जेवण होत नाही. आषाढी एकादशीला आपण जो साबुदाणा भिजत घालतो तो याच कंदाच्या खळीचा. काजू हे फळही तिकडचं आणि 'काजू' हा शब्दही तुपीच, पोर्तुगीजमार्फत गोव्यात उतरलेला. उलट आंबा, फणस आणि नारळ इकडून गेले.

लाकूड संपत आलं तशी साखर आली. १५४९ मध्ये साल्वादोर शहर वसलं, किनाऱ्यावर उसाचे मळे आणि घाणे उभे राहिले आणि त्यांना माणसं लागली. मूळ रहिवासी देवी-गोवरासारख्या रोगांनी मरत होते, पळून रानात जात होते. अंगोलाचा किनारा समोरच, महिना-सव्वा महिन्याच्या प्रवासावर. तीन शतकांत आफ्रिकेतून ब्राझीलमध्ये जिवंत उतरवलेल्या माणसांची संख्या ४८ लाखांच्या आसपास धरतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा आकडा चार लाखांच्या आत आहे. गुलामगिरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मिसिसिपीचा कापूस येतो, पण तिचं मोठं माहेरघर ब्राझील.

पळून गेलेल्यांनी डोंगरात वस्त्या केल्या, त्यांना किलोंबो म्हणत. आजच्या आलागोआस राज्यातली पाल्मारेस ही त्यातली सर्वांत मोठी. ती बहुतेक संपूर्ण सतराव्या शतकभर टिकली. तिचा शेवटचा म्होरक्या झुंबी २० नोव्हेंबर १६९५ रोजी मारला गेला. २०२४ पासून तो दिवस देशभर सुट्टीचा आहे.

रिओच्या बंदर भागात वालोंगो नावाचा दगडी धक्का होता. १८११ मध्ये बांधलेला, मुद्दाम गुलाम उतरवण्यासाठी. नऊ लाख माणसं या भागातून देशात शिरली असावीत असा अंदाज आहे. १८४३ मध्ये, तोवर स्वतंत्र झालेल्या ब्राझीलच्या सम्राटाची वधू जहाजाने येणार होती, तेव्हा या दगडांवर नवी, देखणी फरसबंदी घालून त्याला 'सम्राज्ञीचा धक्का' असं नाव दिलं. पुढे त्याच्यावरही भराव पडला. २०११ मध्ये ऑलिम्पिकपूर्व सुधारणांसाठी रस्ता खणला, तेव्हा खालून दोन्ही थर निघाले, आणि त्यांच्याबरोबर मणी, कवड्या, ताईत. जवळच एका दांपत्याने १९९६ मध्ये घराची दुरुस्ती काढली होती, तर पाया खणताना माणसांची हाडं हाताला लागली. जहाजातून उतरून विक्रीआधीच मेलेल्यांना जिथे टाकत, ती जागा.

मधल्या काळात एक गमतीदार गोष्ट घडली. नेपोलियनच्या भीतीने पोर्तुगालचा अख्खा दरबार १८०८ मध्ये रिओला पळून आला आणि १८२१ पर्यंत साम्राज्याची राजधानी तिथेच होती. म्हणजे ती तेरा वर्षं गोव्याचाही कारभार कागदोपत्री रिओहून चालत होता. राजा परतला, राजपुत्र मागे राहिला आणि ७ सप्टेंबर १८२२ रोजी त्यानेच स्वातंत्र्य जाहीर केलं. राजा त्याच घराण्यातला, मळेवाले तेच, गुलामही तेच.

इंग्रजांच्या दबावाखाली १८३१ मध्ये गुलाम आणण्यावर बंदीचा कायदा झाला, पण जहाजं येतच राहिली. नुसत्या देखाव्यासाठी केलेल्या कामाला ब्राझीलमध्ये आजही 'इंग्रजाने बघावं म्हणून' असं म्हणतात, आणि हा वाक्प्रचार त्या कायद्यावरून आला असं सांगतात. व्यापार खरोखर थांबला तो १८५० च्या कायद्यानंतर. १८७२ च्या पहिल्या जनगणनेत जवळपास एक कोटी लोकांत पंधरा लाख गुलाम निघाले. पुढच्याच वर्षी जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहून अमेरिकेतली दास्यप्रथा मोडणाऱ्यांना अर्पण केली, तेव्हा खाली ब्राझीलमध्ये ही प्रथा राजरोस चालू होती. ती संपायला १३ मे १८८८ उजाडला. राजकन्या इझाबेलने सही केलेला कायदा जेमतेम दोन कलमांचा. सुटलेल्यांना जमीन नाही, पैसा नाही, शाळा नाही. सरकारी जमीन विकत घेतल्याशिवाय मिळणार नाही, असा कायदा १८५० मध्येच करून ठेवला होता.

त्याच वेळी सरकार जहाजभाडं भरून युरोपातून माणसं आणत होतं. कॉफीच्या मळ्यांना हात हवे होते, हे एक कारण. दुसरं उघड बोललं जाई, की देशाचा रंग उजळला पाहिजे. १८९० च्या फर्मानाने आफ्रिका आणि आशियातल्या लोकांना खास परवानगीशिवाय दार बंद केलं. इटालियन पंधरा लाखांच्या आसपास आले. जर्मन आधीपासून दक्षिणेत होते, सीरिया-लेबाननचे लोक पेटाऱ्यात माल घेऊन गावोगाव फिरू लागले. मजूर तरीही पुरेनात, तेव्हा आशियाचं दारही किलकिलं झालं आणि १८ जून १९०८ रोजी कासातो मारू हे जहाज ७८१ जपानी मजूर घेऊन सांतोस बंदराला लागलं. जपानबाहेर जपानी वंशाची सर्वांत मोठी वस्ती आज ब्राझीलमध्ये आहे.

आता ज्या गोष्टींवरून आपण ब्राझील ओळखतो त्यांच्याकडे बघू. कापोएइरा हा नाचासारखा दिसणारा युद्धप्रकार १८९० च्या दंडसंहितेत गुन्हा होता. १९३० च्या दशकात साल्वादोरमध्ये मेस्त्रे बिंबा यांनी तो शिकवायला घेतला, तेव्हा बदनाम नाव टाळून ते त्याला 'बाहियाची प्रादेशिक झुंज' म्हणत. सांबा रिओच्या बंदरालगतच्या काळ्या वस्तीत, बाहियाहून आलेल्या बायकांच्या परसदारी वाढला, आणि पोलीस वाद्यं घेऊन फिरणाऱ्यांना उडाणटप्पू म्हणून पकडत. कांदोंब्ले या आफ्रिकी मुळाच्या उपासनेच्या घरांना बाहियात १९७६ पर्यंत पोलिसांकडे नोंद करावी लागे. देवळात पूजा करायची तर आधी चौकीवर जायचं!

फुटबॉल गोऱ्या साहेबी क्लबांचा खेळ होता. रिओच्या वास्को द गामा क्लबने काळे आणि कामगार खेळाडू घेऊन १९२३ ची स्पर्धा जिंकली, तेव्हा बड्या क्लबांनी वेगळी लीग काढली आणि बारा खेळाडू वगळा, मग या, अशी अट घातली. वास्कोने पत्र लिहून नकार दिला.

वारं फिरलं ते १९३० नंतर, झेतुलिओ व्हार्गास यांच्या राजवटीत. त्यांना एका राष्ट्राची एक ओळख हवी होती. समाजशास्त्रज्ञ जिल्बेर्तो फ्रेइरे यांनी तेव्हाच मांडलं, की वंशांची मिसळ हीच ब्राझीलची ताकद आहे. मग सांबा रेडिओवर आला, कार्निव्हलला सरकारी आधार मिळाला आणि काळ्या घेवड्याची फेइजोआदा राष्ट्रीय पदार्थ झाली. मालकाने टाकलेल्या डुकराच्या कान-शेपटीतून गुलामांनी ती रांधली, ही कथाही तिला चिकटली. खाद्य-इतिहासकार ती मानत नाहीत. डुकराचे ते तुकडे पोर्तुगीज मालकही आवडीने खात आणि घेवडा-मांसाची असली कालवणं पोर्तुगालात जुनीच. पण कथा इतकी सोयीची, की ती मरत नाही. गुलामीचं रूपांतर चवीत झालं, म्हणजे कुणाला काही देणं लागायला नको.

मिसळ झाली हे खरं. ती समान पातळीवर झाली हे खोटं. १९७६ मध्ये सरकारी सर्वेक्षणात लोकांना आपला रंग आपल्याच शब्दांत सांगायला सांगितलं, तेव्हा शंभराहून अधिक वेगवेगळी उत्तरं आली. दालचिनी, दूध घातलेली कॉफी, उन्हाने रापलेला. कुणी तर 'पळणाऱ्या गाढवाचा रंग' असंही लिहिलं. जो तो अर्धी छटा उजळ व्हायला बघत होता. २०२२ च्या जनगणनेत २० कोटी ३० लाखांपैकी ४५.३ टक्क्यांनी स्वतःला पार्दो म्हणजे मिश्र म्हटलं, ४३.५ टक्क्यांनी गोरं आणि १०.२ टक्क्यांनी काळं. १९९१ पासूनच्या जनगणनांत पार्दो गोऱ्यांच्या पुढे जाण्याची ही पहिलीच वेळ. यात जन्मदराइतकाच वाटा, आता तसं लिहायला लाज वाटत नाही याचा असावा.

त्याला आणखी एक कारण आहे, काळ्या आणि मिश्र विद्यार्थ्यांसाठीच्या राखीव जागा. २०१२ मध्ये केंद्रीय विद्यापीठांसाठी कायदा झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने अशा जागा एकमताने उचलून धरल्या. मग खोटे दावे आले आणि पाठोपाठ पडताळणी मंडळं. इथे मराठी वाचकाने कान टवकारावेत. आपली जात पडताळणी समिती आजोबांचा दाखला मागते. ब्राझीलचं मंडळ आजोबांबद्दल विचारतच नाही. उमेदवाराला समोर बसवून ते फक्त त्याचा चेहरा, केस आणि कातडी बघतं, कारण तिथे माणूस अडवला जातो तो वंशावळीवरून कमी आणि दिसण्यावरून जास्त. कायद्याच्या आधी, २००७ मध्ये, ब्राझिलिया विद्यापीठात हे काम नुसत्या फोटोवरून होई. दोन एकसारख्या जुळ्या भावांनी अर्ज केले होते. एकाचा मंजूर झाला, दुसऱ्याचा नामंजूर. बोभाटा झाल्यावर त्याचाही फेरविचार होऊन तो मंजूर झाला.