पाच वर्षं जगले किती, आणि मेले किती?

रविवारच्या पुरवणीत कॅन्सरवरचा लेख आला की त्यात एक वाक्य हमखास असतं. अमुक देशात या कॅन्सरमधून वाचण्याचं प्रमाण नव्वद टक्के, आपल्याकडे साठ-पासष्ट, कारण तिकडे लोक वेळेवर तपासण्या करून घेतात. पुढच्या परिच्छेदात चाळिशी उलटल्यावर दरवर्षी काय काय तपासून घ्यावं याची यादी, आणि लेख संपतो तिथेच खाली एखाद्या पॅथॉलॉजी लॅबच्या 'फुल बॉडी चेकअप'ची जाहिरात. वाक्यातले आकडे बहुधा खरे असतात. गाडी घसरते ती कारणापाशी.

कॅन्सरच्या लेखांमध्ये दोन आकडे सरसकट एकमेकांच्या जागी वापरले जातात. एक म्हणजे निदान झाल्यानंतर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण. दुसरा म्हणजे मृत्युदर, दर लाख लोकांमागे वर्षाला त्या रोगाने दगावणाऱ्यांची संख्या. वाटतं असं, की पहिला वाढला म्हणजे दुसरा आपोआप घटणार; शंभरातले नव्वद जगले म्हणजे दहाच मेले, यात विचार करण्यासारखं काय आहे? पण दोन्ही अपूर्णांकांचे छेद वेगळे आहेत. पहिल्याच्या छेदात फक्त ज्यांना रोग असल्याचं सांगितलं गेलं ते लोक येतात. दुसऱ्याच्या छेदात गावातलं प्रत्येक माणूस येतं, ज्याने जन्मात कधी तपासणी केली नाही तेसुद्धा. तपासण्या वाढल्या की पहिला छेद फुगतो, दुसरा जागचा हलत नाही.

याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण 2007 सालचं, अमेरिकेतलं. न्यूयॉर्कचे माजी महापौर रूडी जुलियानी तेव्हा राष्ट्राध्यक्षपदासाठी रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी मिळावी म्हणून फिरत होते. 2000 साली त्यांना स्वतःला प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा, कॅन्सर झाला होता आणि ते बरे झाले होते. रेडिओवरच्या प्रचारात त्यांनी सांगितलं, की या कॅन्सरमधून वाचण्याची शक्यता अमेरिकेत 82 टक्के आहे आणि सरकारी आरोग्यसेवा असलेल्या इंग्लंडमध्ये फक्त 44 टक्के. हे आकडे त्यांच्याच एका डॉक्टर सल्लागाराने मासिकात लिहिलेल्या लेखातून आले होते. 44 हा आकडा तर मुळातच चुकीचा होता. एका वर्षातली निदानं आणि त्याच वर्षातले मृत्यू यांचा भागाकार करून तो काढला होता. या वर्षी मरणारे लोक या वर्षी निदान झालेले नसतात, एवढंही पाहिलं नव्हतं. ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाचा खरा आकडा होता 74 टक्क्यांच्या आसपास.

बरेच टीकाकार इथेच थांबले. आकडा चुकला, पकडला, झालं. मला वाटतं खरी गंमत त्यापुढे आहे. 44 च्या जागी 74 घातले तरी तुलना फसवीच राहते. त्या सुमाराला प्रोस्टेटच्या कॅन्सरने मरणाऱ्या पुरुषांचं प्रमाण अमेरिकेत लाखामागे साधारण 26 होतं आणि ब्रिटनमध्ये 27. म्हणजे जवळजवळ सारखं. मग जगण्याच्या टक्क्यांत एवढी तफावत कुठून आली? अमेरिकेत पीएसए ही प्रोस्टेटच्या कॅन्सरचा संशय दाखवणारी रक्ततपासणी लाखो धडधाकट पुरुषांवर केली जात होती, ब्रिटनमध्ये ती बहुतांशी लक्षणं दिसल्यावर होत होती. एवढा एकच फरक टक्केवारीला उचलून धरायला पुरतो, आणि तो दोन वाटांनी.

पहिली वाट घड्याळाची. समजा एका माणसाला 67व्या वर्षी त्रास सुरू झाला, निदान झालं आणि 70व्या वर्षी तो गेला. पाच वर्षांच्या हिशेबात तो नापास. आता तोच माणूस, तोच रोग, पण तपासणीमुळे निदान 60व्या वर्षी झालं. उपचारांनी काहीही फरक पडला नाही आणि तो 70व्याच वर्षी गेला. या वेळी तो पाचच काय, दहा वर्षं जगलेल्यांच्या यादीत जातो. त्याला मिळालं काय? रुग्ण म्हणून काढलेली सात जादा वर्षं.

दुसरी वाट जास्त निसरडी आहे. एखाद्या तालुक्यात लक्षणं घेऊन आलेल्या 100 जणांना कॅन्सर निघाला आणि पाच वर्षांनी त्यांतले 40 हयात आहेत. प्रमाण 40 टक्के, मृत्यू 60. मग एक संवेदनशील तपासणी आली. तिने आणखी 100 जणांमध्ये अशा गाठी शोधल्या ज्या इतक्या मंद वाढतात, की त्या माणसाला उभ्या आयुष्यात कळल्याही नसत्या. हे सगळे 100 अर्थातच पाच वर्षांनी ठणठणीत. आता 200 पैकी 140 हयात, म्हणजे 70 टक्के. वर्तमानपत्रात मथळा येईल, 'जगण्याचं प्रमाण 40 वरून 70 टक्क्यांवर'. मृत्यू मात्र 60 होते ते 60च आहेत. आणि ज्यांना काही झालंच नसतं अशा 100 जणांची शस्त्रक्रिया झाली, किंवा रेडिएशन तरी झालं. प्रोस्टेटच्या बाबतीत त्याचा अर्थ अनेकांसाठी लघवीवरचा ताबा जाणं आणि लैंगिक दुर्बलता असा होतो.

हा तालुका कल्पनेतला आहे, पण दक्षिण कोरियात थायरॉइडच्या कॅन्सरचं झालं ते याहून फार वेगळं नाही. तिथे 1999 मध्ये सरकारने काही कॅन्सरांसाठी तपासणी मोहीम सुरू केली. थायरॉइड त्या यादीत नव्हता, पण दवाखान्यांनी थोड्या जादा पैशांत मानेची सोनोग्राफीही करून द्यायला सुरुवात केली. 2011 मध्ये थायरॉइड कॅन्सरच्या निदानांचं प्रमाण 1993 च्या पंधरापट झालं होतं, एका वर्षात चाळीस हजारांवर माणसं. जगण्याचं प्रमाण जवळपास शंभर टक्के. मृत्युदराची रेघ मात्र तेवढ्या सगळ्या वर्षांत आडवीच राहिली. 2014 च्या मार्चमध्ये तिथल्या काही डॉक्टरांनी जाहीर पत्र काढून ही सोनोग्राफी थांबवा म्हणून सांगितलं, वर्तमानपत्रांनी ते उचललं, आणि वर्षभरात थायरॉइडच्या शस्त्रक्रिया सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्या.

या सगळ्याला एक सामाजिक बाजू आहे, ती लेखांमध्ये क्वचितच येते. ज्याची निरुपद्रवी गाठ शोधून काढली गेली तो माणूस उपचारांचा त्रास सोसतो, बरा होतो, आणि तपासणीचा सर्वांत मोठा प्रचारक बनतो. 'वेळेवर सापडलं म्हणून वाचलो.' त्याचं म्हणणं खोटं आहे असं कोणीच म्हणू शकत नाही, कारण एकट्या माणसाच्या बाबतीत ते कळायला मार्ग नसतो. भिशीत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, पुरवणीतल्या अनुभवकथनात ऐकू येतो तो हाच आवाज. मंद गाठीवाले जितके जास्त सापडतील तितके असे आवाज वाढत जातात, आणि तपासणीची कीर्तीही.

डॉक्टरांना तरी हा घोळ उलगडलेला असतो का? 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अमेरिकेतल्या 412 डॉक्टरांना विचारलं गेलं होतं, की एखादी तपासणी जीव वाचवते हे कशावरून सिद्ध होतं. पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण वाढलं यावरून, असं तीन चतुर्थांश डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा सदर लिहिणाऱ्या डॉक्टरांकडून पुरवणीतलं ते वाक्य सुटतं यात लबाडी शोधायची गरज नाही.

मग पाच वर्षांचा आकडा टाकाऊच म्हणायचा का? मुळीच नाही. रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टरांसमोर बसलेल्या बाईला लाखामागचा मृत्युदर सांगून काय उपयोग? तिचा प्रश्न 'माझ्यासारख्या किती जणी पुढे जगतात' हाच असतो आणि त्याचं उत्तर याच आकड्यात असतं. चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट केले, एकाला जुनं औषध दिलं, दुसऱ्याला नवं, तर कोण किती जगलं हे मोजणं रास्तच, कारण दोन्हींकडे घड्याळ एकाच क्षणी सुरू झालेलं असतं. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरचं पाहा. 1960 च्या आसपास ती मुलं क्वचितच जगायची. आज श्रीमंत देशांत दहातली जवळपास नऊ जगतात. हे यश शंभर नंबरी आहे, कारण या रोगासाठी धडधाकट मुलांची तपासणी कोणी करत नाही, आणि मृत्युदरही तसाच खाली आलेला आहे.

भारत-अमेरिका तुलनेतही सगळंच आभास नाही. 2010 ते 2014 या काळात स्तनांच्या कॅन्सरचं निदान झालेल्या बायकांमध्ये पाच वर्षांचं प्रमाण अमेरिकेत 90 टक्के आणि भारतात 66 टक्के निघालं. त्या फरकातला काही भाग मॅमोग्राफीने, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीने, फुगवलेल्या छेदाचा, पण मोठा भाग आपल्याकडे बायका गाठ हाताला लागूनही महिनोन्‌महिने घरात बसतात, त्याचा. लाज, पैसा, शेतीची कामं, नवऱ्याला रजा नाही. लक्षण दिसल्यावर लगेच दवाखाना गाठणं ही एक गोष्ट, आणि काहीच लक्षण नसताना दरवर्षी तपासणी करणं ही दुसरी. लेखांमध्ये पहिलीचं पुण्य सर्रास दुसरीच्या खात्यात जमा केलं जातं.

तपासणीने खरंच जीव वाचतात का, हे मोजायची नीट पद्धत पाहायची असेल तर परदेशात जायला नको, मराठवाड्यात या. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात 1999 पासून बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल, मुंबईचं टाटा हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची फ्रान्समधल्या ल्यों शहरातली कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर एक मोठा अभ्यास केला. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका. गावांचे 52 समूह करून ते चार गटांत विभागले होते. एका गटात हा कॅन्सर ज्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, आयुष्यात एकदाच. दुसऱ्यात पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं. तिसऱ्यात अॅसेटिक अॅसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी. चौथ्यात नेहमीचीच सेवा. मग आठ वर्षं नोंदी.

एचपीव्ही चाचणीच्या गटात 34 हजारांवर बायका होत्या, त्यांत 127 जणींना कॅन्सर निघाला. तपासणी नसलेल्या गटात 31 हजारांवर बायका, त्यांत 118 जणींना. निदानांत फारसा फरक नाही. पण बळावलेल्या अवस्थेतले कॅन्सर एचपीव्ही गटात 39, तपासणी नसलेल्या गटात 82. आणि मृत्यू 34 विरुद्ध 64. हे मृत्यू गटातल्या सगळ्या बायकांमधून मोजलेले आहेत; बोलावूनही चाचणीला न आलेल्यासुद्धा त्यात आहेत. इथे छेद फुगवायला वावच नाही. हा निकाल 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच अभ्यासात पॅप स्मिअर आणि नुसती पाहणी या दोन गटांत मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही, म्हणजे 'तपासणी' या एका नावाखाली सगळ्यांना एकाच माळेत ओवता येत नाही. (चौथ्या गटातल्या बायकांना तपासणीविना ठेवणं कितपत योग्य होतं, यावर नंतर बरीच टीका झाली, आणि ती वाऱ्यावर सोडण्यासारखी नाही.)

मुंबईतल्या वस्त्यांमध्ये टाटा हॉस्पिटलने स्तनांच्या कॅन्सरसाठी केलेला अभ्यास आणखी बोलका आहे. दीड लाख बायका, वीस वर्षं. प्रशिक्षित आरोग्यसेविका हाताने स्तनांची तपासणी करायच्या. 2021 मध्ये निकाल आला. तपासणीच्या गटात रोग कमी वयात आणि आधीच्या अवस्थेत सापडला. तिसऱ्या-चौथ्या, म्हणजे बळावलेल्या, अवस्थेतल्या बायकांचं प्रमाण तुलनेच्या गटात 47 टक्के होतं, तपासणीच्या गटात 37. पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी भरले. पन्नाशीच्या आतल्या बायकांमध्येही रोग लवकरच्या अवस्थेत सापडत होता, पण मृत्यू घटले नाहीत. 'लवकर सापडलं' आणि 'जीव वाचला' या दोन गोष्टींमधली फट इतकी स्वच्छ दाखवणारा आकडा मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

मृत्युदराच्याही खोडी आहेत. म्हाताऱ्यांची संख्या जास्त तिथे कॅन्सरचे मृत्यू जास्त, म्हणून केरळ आणि बिहारचा कच्चा दर शेजारी मांडला तर केरळची आरोग्यसेवा वाईट ठरेल. वयानुसार हिशेब जुळवून घ्यावा लागतो. उपचारांमधली सुधारणा त्यात उतरायला वर्षानुवर्षं जातात. आणि मृत्यूचं कारण धड नोंदलेलं असावं लागतं. घरी गेलेल्या म्हातारीच्या नावापुढे 'हृदयक्रिया बंद पडून' असं लिहिलं जातं आणि तिचा कॅन्सर कुठल्याच हिशेबात येत नाही. 1987 मध्ये बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांसाठी ग्रामीण भागातली देशातली पहिली कॅन्सर नोंदणी सुरू झाली, तेव्हा नुसत्या दवाखान्यांच्या कागदांवर भागणार नव्हतं. माणसं गावोगाव पाठवून, लोकांशी बोलून नोंदी गोळा कराव्या लागल्या. त्या फेऱ्यांमध्ये लक्षणांची माहितीही दिली जायची, आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीच्या अवस्थेत दवाखान्यात येऊ लागल्या.

पुरवणीतल्या लेखाला उत्तर लिहायचं असेल तर 'लेखक औषध कंपन्यांना विकला गेला आहे' वगैरे भानगडीत पडू नये. त्याने संपादकांची करमणूक होते, पत्र छापलं जात नाही. चार ओळी पुरतात. ज्या काळात जगण्याचं प्रमाण वाढलं असं आपण लिहिलंत, त्याच काळात, वयाचा हिशेब जुळवून, लाखामागे मृत्यू किती होते? ही तपासणी चिठ्ठ्या टाकून केलेल्या कुठल्या अभ्यासात पारखली गेली आहे, आणि त्यात मृत्यू घटले का? स्तंभलेखक डॉक्टर असतील तर बहुतेकांना हे विचारलेलं आवडतं. उत्तर कधी कधी पुढच्या रविवारी येतं, कधी फोनवर येतं, आणि कधी त्याच सदरात महिनाभराने तेच वाक्य जसंच्या तसं पुन्हा छापून येतं. मग पुन्हा चार ओळी लिहायच्या.