गेट म्हणजे रस्ता आणि बार म्हणजे दरवाजा

उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कला पहिल्याच दिवशी मी दहा मिनिटं एक गेट शोधत फिरत होते. मॅपवर मिकलगेट लिहिलेलं, मी मिकलगेटवरच उभी, पण समोर नुसता चढाचा रस्ता, दोन्हीकडे दुकानं आणि पब, दरवाजा कुठेच नाही. शेवटी कुत्रं फिरवायला निघालेल्या एका आजोबांना विचारलं तर ते हसायलाच लागले. म्हणाले, अगं, इथे रस्त्याला गेट म्हणतात, गेटला बार म्हणतात आणि बारला पब. हा तिथला ठरलेला जोक आहे, येणाऱ्या प्रत्येक टूरिस्टला ऐकवतात, पण खोटा नाहीये. मी शोधत होते तो तटबंदीचा दगडी दरवाजा म्हणजे मिकलगेट बार, आणि तो चढाच्या वरच्या टोकाला होता.

झालं असं की 866 साली व्हायकिंगांनी यॉर्क घेतलं आणि ते तिथे राहिले. त्यांच्या भाषेत, म्हणजे जुन्या नॉर्समध्ये, रस्त्याला गाटा म्हणायचे, त्याचं झालं गेट. दरवाजावालं इंग्रजी गेट हा वेगळाच शब्द, दोघांचं रूप योगायोगाने एक झालंय. आणि मिकल म्हणजे मोठा. हा मिकल आणि आपला संस्कृतातला महा लांबचे भाऊ लागतात, एकाच इंडो-युरोपियन मुळातून, म्हणजे युरोपातल्या आणि आपल्या बऱ्याच भाषांच्या सामाईक पूर्वजातून आलेले. तर मिकलगेट म्हणजे सरळ सरळ मोठा रस्ता, एवढं साधं नाव आणि मी आपली दरवाजा शोधतेय!

तसंच कॉपरगेट. तांब्याचा काही संबंध नाही, लाकडाचे कप-वाट्या करणाऱ्यांची ही गल्ली, म्हणजे आपल्या तांबट आळीसारखीच पण तांब्याशिवाय. गंमत म्हणजे 1976 ते 1981 मध्ये तिथे खोदकाम केलं तेव्हा ओल्या मातीत टिकून राहिलेले लाकडी कप आणि ते घडवताना उरलेले लाकडाचे तुकडे खरंच सापडले. नाव हजार वर्षं जे सांगत होतं तेच जमिनीखालून निघालं.

खरं तर हे सगळं लंडनहून येतानाच लक्षात यायला हवं होतं, कारण किंग्ज क्रॉसपासून यॉर्कपर्यंत दोनेक तास खिडकीबाहेरच्या पाट्या हेच तर सांगत असतात. डॉनकास्टर घ्या. डॉन हे नदीचं नाव रोमनांच्याही आधीचं, आणि कास्टर म्हणजे लॅटिन कास्ट्रा, सैन्याची छावणी. मँचेस्टर, लँकेस्टरचं शेपूट पण तेच. मग अँगल्स आणि सॅक्सन आले, म्हणजे ज्यांचे पुढे इंग्रज झाले ते, त्यांचं टन म्हणजे कुंपण घातलेली जागा, आपल्या वाडीसारखं. आणि त्यानंतर डेन लोकांचं, म्हणजे डेन्मार्ककडून आलेल्या व्हायकिंगांचं बी, म्हणजे वस्ती किंवा गाव. सेल्बी, व्हिटबी, ग्रिम्सबी, एकट्या यॉर्कशरमध्ये असली दोनशेहून जास्त नावं आहेत. या बीचं मूळ राहणे, असणे या अर्थाचं आहे, म्हणजे आपल्या भू, भवति, भुवनच्याच घरातलं.

आणि नवीन माणसं आली की जुनं नाव कळत नाही, मग त्यालाच आपलं शेपूट जोडतात. लँकेशरमध्ये पेंडल हिल आहे, त्यात पेन म्हणजे इंग्रजांच्या आधी तिथे चालणाऱ्या ब्रिटॉनिक भाषेत टेकडी, त्याला इंग्रजांनी हिल जोडलं, दोन्ही मिळून पेंडल झालं आणि अर्थ विसरल्यावर परत एकदा हिल. टेकडी टेकडी टेकडी. हसू नका, आपण सह्याद्री पर्वत म्हणतोच की, अद्रि म्हणजे पर्वतच.

पण नुसतं शेपूट बघून ठोकून द्यायचं नाही, इथे भलेभले फसतात. रग्बी गावाचं नाव ऐकून वाटतं की हे नक्की डेन लोकांचं, पण 1086 च्या डूम्सडे बुकमध्ये, म्हणजे विल्यम राजाने करून घेतलेल्या जमिनीच्या नोंदीत, त्याची नोंद रोशबेरी अशी काहीशी आहे. बेरी म्हणजे इंग्रजी बर्ग, तटबंदीची जागा. आजूबाजूच्या बीवाल्या गावांच्या संगतीने त्याचंही शेपूट नंतर बदललं. म्हणून अभ्यासक आजचं स्पेलिंग बाजूला ठेवून आधी सगळ्यात जुनी नोंद काढतात.

लेस्टरशरमध्ये अॅपलबी मॅग्ना आणि अॅपलबी पार्व्हा अशी जोडी आहे, लॅटिनमध्ये मोठं आणि छोटं. आपल्याकडे बुद्रुक आणि खुर्द फारसीतून आले तसंच, दप्तर ज्या भाषेत चालायचं त्या भाषेची मोहोर गावाच्या नावावर बसली.

मला मात्र सगळ्यात भारी वाटतो तो स्क आणि श चा मामला. जुन्या इंग्रजीत शब्दातला स्क हळूहळू श झाला, नॉर्समध्ये तो स्कच राहिला. त्यामुळे एकाच मुळातून आलेला आखूड कपड्याचा शब्द इंग्रजीकडून आला तो शर्ट आणि नॉर्सकडून आला तो स्कर्ट! स्काय, स्किन, स्किल हे सगळे नॉर्सवालेच. आता नकाशा उघडा. यॉर्कशरमध्ये स्किप्टन आहे, त्याचा अर्थ मेंढ्यांची वाडी. दक्षिणेकडे त्याच अर्थाची शिप्टन आहेत. गाव इंग्रजांनीच वसवलं होतं, पण शेजारी डेन आले आणि त्यांना श म्हणवेना, झालं स्किप्टन. म्हणजे हजार वर्षांपूर्वी लोक कसे बोलत होते त्याचं रेकॉर्डिंगच आहे की हे रेल्वेच्या पाटीवर.

बरं, जिंकणाऱ्यांचे शब्द म्हणजे राजा, सैन्य, कोर्ट वगैरे असतील असं वाटतं, 1066 साली फ्रान्सकडच्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर त्यांच्या फ्रेंचचं झालं तसंच. पण नॉर्सकडून इंग्रजीने काय घेतलं तर नाइफ, एग, टेक, रॉंग, अग्ली, हजबंड. आणि कहर म्हणजे दे, देम, देअर ही सर्वनामं! सर्वनामं सहसा कोणी उसनी घेत नाही हो. जुन्या इंग्रजीतली ते, त्यांना, त्यांचे ही रूपं तो, त्याला, तिचे यांच्यासारखीच ऐकू यायला लागली होती, घोळ व्हायचा, मग शेजाऱ्याची सुटसुटीत वाटली ती उचलली. हे हुकमाने होत नाही, बांधाला बांध लागून राहिलं, एकमेकांत लग्नं झाली की होतं.

सगळीकडे एकदम मात्र झालं नाही. इंग्लंडमध्ये छपाई आणणारा विल्यम कॅक्स्टन 1490 साली एका प्रस्तावनेत किस्सा सांगतो. थेम्समधून समुद्रापार निघालेले काही व्यापारी वारा पडला म्हणून केंटच्या किनाऱ्यावर उतरले आणि त्यातल्या एकाने एका घरी जाऊन एग्ज मागितली. बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. तो व्यापारी चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं! शेवटी दुसरा म्हणाला की याला आयरन पाहिजेत, तेव्हा तिला कळलं, कारण दक्षिणेत अंड्याला अजून जुना इंग्रजी शब्दच चालू होता. कॅक्स्टन बिचारा विचारतो, आता माणसाने लिहायचं तरी काय?

दुसऱ्या दिवशी व्हिटबीची बस पकडली. वाटेत थॉर्नटन-ले-डेल लागतं, मधलं ले फ्रेंच, बाकीचं इंग्रजी, आणि डेल या शब्दाला नॉर्सचाही टेकू. गावातून ओढा वाहतो, त्याला तिथले लोक बेक म्हणतात, हाही नॉर्सच.

व्हिटबीला घेतलेली खोली स्वस्तातली होती, तिची खिडकी काही केल्या पूर्ण लागेना. रात्रभर नॉर्थ सीचं वारं फटीतून शिट्ट्या मारत आत येत होतं, मी अंगावर जॅकेट घालून फोनवर विंडोचं मूळ शोधत बसले. नॉर्समध्ये विंडाउगा, विंड म्हणजे वारा आणि आउगा म्हणजे डोळा. वाऱ्याचा डोळा. यातलं विंड आपल्या वात, वायूच्या नात्यातलं आणि आउगा अक्षिच्या. आपण पण खिडकीला गवाक्ष म्हणतो, गाईचा डोळा. सकाळी मालकीणबाईंना खिडकीचं सांगितलं तर म्हणाल्या, हो, ती अशीच आहे.