चहा स्वस्त झाला आणि वसाहती गेल्या

१६ डिसेंबर १७७३च्या रात्री, ब्रिटनच्या अमेरिकेतल्या वसाहतींपैकी मॅसॅच्युसेट्समधल्या बॉस्टनच्या धक्क्याला लागलेल्या तीन जहाजांवर माणसं चढली. तोंडाला काजळी फासलेली, वेश मोहॉक आदिवासींचा. कुऱ्हाडींनी त्यांनी चहाच्या ३४२ पेट्या फोडल्या आणि समुद्रात ओतल्या. ओहोटी असल्याने चहाचे ढीग जहाजांच्या कडेलाच साचू लागले. सुमारे ४२ टन चहा गेला. गंमत म्हणजे हा चहा आधीपेक्षा स्वस्त होता. मग लोक चिडले कशावर?

त्यासाठी दहा वर्षं मागे जायला हवं. फ्रान्सशी झालेलं सप्तवार्षिक युद्ध १७६३ मध्ये संपलं, तेव्हा ब्रिटनचं कर्ज साडेसात कोटी पौंडांच्या आसपास होतं ते १३ कोटींवर गेलं होतं. अमेरिकेतल्या सैन्याच्या खर्चाचा काही भाग वसाहतींनी उचलावा, असं लंडनला वाटलं. हिशेब म्हणून त्यात फारसं गैर नव्हतं, कारण खुद्द ब्रिटनमधला माणूस वसाहतवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त कर भरत होता.

पण १७६५चा स्टॅम्प कायदा नेमका कोणाला झोंबेल, हे कोणी पाहिलं नाही. खरेदीखत, कोर्टाचे कागद, वर्तमानपत्रं या सगळ्यांना शिक्का मारलेला कागद सक्तीचा झाला. पत्त्यांच्या कॅटवर एक शिलिंग, पदवीच्या प्रमाणपत्रावर दोन पौंड! म्हणजे वकील, छापखानेवाले आणि व्यापारी एकाच फटक्यात दुखावले. गावात ज्यांचा आवाज मोठा, तीच ही माणसं. शिवाय कर भरायचा ब्रिटिश चलनात, जे वसाहतींत आधीच दुर्मिळ होतं, आणि खटला ज्युरीशिवाय चालू शकत होता.

वसाहतींचं म्हणणं असं, की कर आमच्या विधानसभा लावतील. लंडनच्या संसदेत आमचा एकही खासदार नाही. व्हर्जिनियाची सभा तर १६१९ पासून भरत होती. सरकारच्या बाजूने उत्तर आलं, की मँचेस्टर-बर्मिंगहॅमलाही स्वतंत्र खासदार नाहीत, संसद सगळ्यांचंच प्रतिनिधित्व करते. युक्तिवाद खरा होता, पण तो इंग्लंडमधल्याच अन्यायाचा दाखला होता!

१७६६ मध्ये कायदा मागे घेतला, पण त्याच वेळी संसदेने ठराव केला की वसाहतींसाठी कोणताही कायदा करण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. माझ्या मते पुढच्या सगळ्या भांडणाचं मूळ इथे आहे. पैसा सोडला, हक्क सोडला नाही. १७६७ मध्ये काच, शिसं, रंग, कागद आणि चहावर जकात आली. १७७० मध्ये चहाची तेवढी ठेवून बाकीची उठवली. एका पौंड वजनाच्या चहामागे तीन पेन्स. रक्कम किरकोळ, पण हक्काची खूण म्हणून राखलेली.

अशात ईस्ट इंडिया कंपनी बुडायला आली. बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल गोळा करण्याचा हक्क, हातात असूनही १७७० च्या दुष्काळानंतर तिची आर्थिक घडी विस्कटली होती आणि लंडनच्या गोदामांत चीनचा चहा पडून होता. तिला वाचवायला १७७३ मध्ये थेट अमेरिकेत चहा विकण्याची मुभा मिळाली. मधले दलाल गेले, भाव उतरला; तीन पेन्सची जकात मात्र तशीच राहिली. तस्करीचा डच चहा विकणारे आणि कंपनीने एजंट म्हणून न निवडलेले व्यापारी हवालदिल झाले. तत्त्वनिष्ठा आणि धंद्याची काळजी एकाच बोटीत बसली, हे पुष्कळदा सांगितलं जात नाही.

तरीही राग म्हणजे क्रांती नव्हे. राग टिकवायला यंत्रणा लागते, आणि ती ब्रिटिश मालावरच्या बहिष्काराने उभी केली. कोण ब्रिटिश माल विकतो, यावर नजर ठेवायला गावोगाव समित्या बसल्या; बॉस्टनने १७७२ मध्ये इतर गावांशी संपर्क ठेवायला पत्रव्यवहार समिती काढली, इतर वसाहतींनी तिचा कित्ता गिरवला. चहा बुडवल्याची शिक्षा म्हणून १७७४ मध्ये संसदेने बॉस्टनचं बंदर बंद केलं, मॅसॅच्युसेट्सच्या सनदेलाच, म्हणजे तिच्या कारभाराच्या हक्कांनाच हात घातला. तेव्हा इतर वसाहतींना कळलं, उद्या आपली पाळी. त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, समित्यांना बहिष्कार राबवण्याचे अधिकार दिले. १९ एप्रिल १७७५ला लेक्झिंग्टनला ब्रिटिश सैन्य आणि वसाहतवाले समोरासमोर येऊन गोळी सुटली, तेव्हा अनेक ठिकाणी कारभार समित्यांच्याच हाती होता. (त्याच्या सुमारे दीड महिना आधी कंपनीचं मुंबई सरकार सुरतेत राघोबादादांशी तह करत होतं.)

१७७८ मध्ये ब्रिटिश संसदेने वसाहतींवर महसुलासाठी कर लावणार नाही, असा कायदा केला आणि समेटासाठी शिष्टमंडळ पाठवलं. १७६५ मध्ये लोकांनी मागितलं होतं ते हेच. पण वसाहतींच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला तेव्हा जवळपास दोन वर्षं झाली होती आणि फ्रान्सशी करार झाला होता. आधी स्वातंत्र्य मान्य करा किंवा सैन्य मागे घ्या, मग बोलू, असं सांगून काँग्रेसने शिष्टमंडळाला परत पाठवलं.