फुटबॉल लीग, १८८८–८९

इंग्लंडमधील, आणि सर्वसाधारण मतानुसार जगातील, पहिल्या फुटबॉल लीगचा पहिला हंगाम. विजेता प्रेस्टन नॉर्थ एंड. ॲस्टन व्हिला या क्लबचे विल्यम मॅक्ग्रेगर यांनी २ मार्च १८८८ रोजी काही क्लबांना पत्र लिहून कल्पना मांडली. १७ एप्रिलला मँचेस्टरच्या बैठकीत लीगची रीतसर स्थापना झाली. लँकेशायरचे सहा आणि मिडलंड्सचे (मध्य इंग्लंडचे) सहा असे बारा क्लब त्यात होते. लंडनचा एकही नव्हता. (त्यांतील ॲक्रिंग्टन म्हणजे आजचा ॲक्रिंग्टन स्टॅन्ली नव्हे.)

८ सप्टेंबर १८८८ रोजी सामने सुरू झाले. लीगमधील पहिला गोल कोणाचा, याबद्दल मतभेद होते. व्हिलाच्या गर्शम कॉक्सने वुल्व्हरहॅम्प्टनविरुद्ध केलेला स्वयंगोल पहिला, असे दीर्घकाळ मानले जाई. मात्र तो गोल सामन्याच्या अर्ध्या तासाच्या सुमारास झाला. सामने सुरू होण्याच्या वेळा ताडून पाहता, बोल्टनच्या केनी डेव्हनपोर्टने डर्बीविरुद्ध दुसऱ्याच मिनिटाला, म्हणजे सुमारे ३.४७ वाजता, केलेला गोल आधीचा ठरतो. हे मत अधिक ग्राह्य वाटते. बोल्टन तो सामना ३–६ असा हरला.

गुणपद्धती हंगाम सुरू झाल्यावर ठरली. फक्त विजय मोजावेत असाही एक पर्याय होता. अखेर २१ नोव्हेंबरला विजयास दोन व बरोबरीस एक गुण हे सूत्र मंजूर झाले. गुण समान असल्यास गोलसरासरी, म्हणजे केलेल्या गोलांना स्वीकारलेल्या गोलांनी भागून येणारा आकडा, पाहिली जाई. या निर्णयाने अजिंक्यपदात फरक पडला नाही. तळाशी मात्र मोठा पडला. सहा विजय आणि आठ बरोबरी असलेले ॲक्रिंग्टन २० गुणांनिशी सातवे आले. नुसते विजय मोजले असते, तर ते प्रत्येकी सात विजय मिळवणाऱ्या बर्नली व डर्बीच्याही खाली, शेवटच्या चौघांत गेले असते आणि त्यांना फेरनिवडीला, म्हणजे लीगमधील जागा टिकवण्यासाठीच्या मतदानाला, सामोरे जावे लागले असते.

प्रेस्टनने २२ पैकी १८ सामने जिंकले, चार बरोबरीत सोडवले. गोल ७४–१५, गुण ४०. दुसऱ्या व्हिलाचे २९. ३० मार्च १८८९ रोजी केनिंग्टन ओव्हलवर वुल्व्हरहॅम्प्टनला ३–० असे हरवून प्रेस्टनने एफए चषक ही इंग्लंडची बाद फेरीची स्पर्धाही जिंकली. त्या स्पर्धेत संघाने एकही गोल स्वीकारला नाही. या संघाला ‘इन्व्हिन्सिबल्स’ (अजिंक्य) म्हणत. इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत हंगामभर अपराजित राहण्याची पुनरावृत्ती थेट २००३–०४ मध्ये आर्सेनलने केली, तीही १२ सामने बरोबरीत सोडवून.

प्रेस्टनच्या संघाची बांधणी क्लबचे व्यवस्थापक विल्यम सुडेल यांची. स्कॉटलंडचे खेळाडू पैसे देऊन आणल्याचे त्यांनी १८८४ मध्ये उघडपणे मान्य केले होते. पुढच्याच वर्षी व्यावसायिकतेला, म्हणजे खेळाडूंना पैसे देण्याला, मान्यता मिळाली. हेच सुडेल १८९५ मध्ये गिरणीतील अफरातफरीबद्दल तुरुंगात गेले. प्रमुख गोलकर्ता जॉन गुडॉल जन्माने लंडनचा, पण किलमार्नॉकमध्ये वाढलेला.

प्रेस्टनने १८८९–९० मध्ये अजिंक्यपद राखले, त्यानंतर सलग तीन वर्षे ते दुसरे आले. लीग पुन्हा जिंकता आली नाही. तळाचे चारही क्लब १८८९ मध्ये फेरनिवडीत तरले. शेवटच्या स्टोकची जागा पुढील वर्षी संडरलंडने घेतली.