जुन्या गाडीचा मागचा ॲक्सल: घाटाने ठरवलेला, खाऱ्या हवेने खाल्लेला

चिपळूण, कणकवली किंवा कुडाळच्या गॅरेजात जुनी जीप उचलून मागच्या ॲक्सलवरचा (दोन्ही चाके जोडून फिरवणाऱ्या आडव्या भागावरचा) चिखल-ग्रीसचा थर खरवडला, की बऱ्याचदा गाडी एका वंशाची आणि ॲक्सल दुसऱ्याच वंशाचा निघतो. यात दर वेळी फसवाफसवी असते असे नाही. चढ किती, भार किती आणि त्या आठवड्यात भंगारवाल्याकडे काय पडले होते, यावर इथले ॲक्सल ठरत गेले. त्यामुळे जुनी गाडी उभी करायला घेतलेल्याने नवा ॲक्सल शोधण्याआधी, खाली आत्ता कोणता आहे आणि तो तिथे का आला, हे समजून घ्यावे.

कोकण रेल्वे पूर्ण लांबीने धावू लागली ती 1998 मध्ये. त्याआधी मुंबईशी आणि देशाशी व्यवहार म्हणजे आगबोट नाहीतर रस्ता, आणि रस्ता म्हणजे घाट. महामार्गावर कशेडी आणि परशुराम, वर देशावर जायला कुंभार्ली, आंबा, फोंडा, आंबोली. दुसऱ्या गिअरात रखडत चढणाऱ्या भरल्या गाडीला वेग नको असतो, ओढ हवी असते. ती गिअरबॉक्समधून येते तशीच मागच्या ॲक्सलमधल्या क्राऊन-पिनियनमधूनही येते. क्राऊन म्हणजे मोठे दातेरी चाक, पिनियन म्हणजे त्याला फिरवणारे छोटे. क्राऊनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागले की रेशो मिळतो. आकडा मोठा तेवढी ओढ जास्त, वेग कमी.

क्राऊन-पिनियनचे आजचे रूप अमेरिकेत घडले. सरळ दातांचे बेव्हल (शंकूच्या आकाराचे) गिअर आवाज करत, म्हणून ग्लीसन कंपनीने 1913 मध्ये तिरप्या, वळलेल्या दातांचे गिअर कापणारे यंत्र आणले. पुढची पायरी हायपॉइड. यात पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेवर नसतो, खाली सरकवलेला असतो. पॅकार्ड या मोटार कंपनीने 1926 मध्ये तो मोटारीत वापरला. गिअरबॉक्सकडून ॲक्सलकडे येणारा प्रोपेलर शाफ्ट खाली गेला, गाडीची जमीन खाली घेता आली, एका वेळी जास्त दात भिडू लागल्याने आवाजही घटला. किंमत मोजावी लागली ती तेलात. हायपॉइडचे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घासत सरकतात, आणि साधे तेल त्या दाबाखाली टिकत नाही. म्हणून एसएई 90 चे ईपी, म्हणजे जास्त दाब पेलणारे, ऑइलच लागते. मात्र त्याच डब्यातले जीएल-5 दर्जाचे तेल जुन्या गिअरबॉक्समध्ये ओतण्याचा मोह टाळावा. त्यातली रसायने गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या सिंक्रोच्या पितळी रिंगा खातात. ॲक्सलला चालते ते गिअरबॉक्सला चालतेच असे नाही.

कोकणात सगळ्यात जास्त गोंधळ जीपचा. महिंद्राने स्वातंत्र्यानंतर लगेच मुंबईत माझगावला अमेरिकेच्या विलिज कंपनीची जीप जोडायला सुरुवात केली. पण विलिजमध्येही दोन घराणी आहेत. युद्धातल्या एमबी जीपचा रेशो 39 ला 8, म्हणजे 4.875. युद्धानंतर शेतीकामासाठी काढलेल्या सीजे मालिकेचा 43 ला 8, म्हणजे 5.375. लष्करी लिलावातल्या एमबीखाली सीजेचा मागचा ॲक्सल आणि पुढे मूळचाच, अशी गाडी रोजच्या वापरात काहीच तक्रार करत नाही. पावसाळ्यात चिखलात रुतली आणि फोर-व्हील टाकले तरी निभावते, कारण चाके घसरतात आणि फरक जिरतो. मग तशीच कोरड्या डांबरावर आली की पुढचा-मागचा फरक जिरायला जागा उरत नाही, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलना ताकद वाटणारी पेटी) ताणला जातो, लिव्हर निघता निघत नाही आणि शेवटी क्रॉस (शाफ्टचा सांधा) किंवा शाफ्ट तुटतो. लिव्हर अडकतो म्हणून ट्रान्सफर केस खोलणारे पुष्कळ. आधी दात मोजावेत.

दुसरा फरक हाफ शाफ्टचा, म्हणजे ॲक्सलच्या आतून चाक फिरवणाऱ्या दांड्याचा. एमबीचा मागचा ॲक्सल फुल-फ्लोटिंग होता. गाडीचे वजन हाउसिंगच्या (ॲक्सलच्या बाहेरच्या कवचाच्या) टोकावरचा, चाक ज्यावर बसते तो हब पेलतो आणि शाफ्ट फक्त फिरवण्याचे काम करतो. शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहते. सीजेमध्ये लवकरच सेमी-फ्लोटिंग आला. इथे वजनही शाफ्टवरच, आणि टोकाला निमुळत्या भागावर चावी (लोखंडी पाचर) घालून हब नटाने आवळलेला. मागे पाय ठेवायला जागा नाही इतकी माणसे भरून चालणाऱ्या जीपमध्ये हाच कच्चा दुवा. नट ढिला झाला की हब सूतभर हलतो, चावी आपली खाच रुंद करते, मग एक दिवस चावी कातरते आणि इंजिन फिरते पण गाडी हलत नाही. किंवा त्याहून वाईट, शाफ्ट तिथेच तुटतो आणि चाक ड्रमसकट निघून जाते. बसवताना निमुळता भाग पेट्रोलने पुसून पूर्ण कोरडा करावा, ग्रीस अजिबात लावू नये, नट 200 न्यूटन-मीटरच्या खाली सोडू नये आणि कॉटर पिनचे भोक जुळत नसेल तर नट मागे न घेता पुढेच आवळावा. शंभरेक किलोमीटर चालवून पुन्हा तपासावा. हब काढायला पुलर लागतो. हातोड्याने ठोकून काढला की डिफरन्शियलमधल्या (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या मधल्या संचातल्या) बेअरिंगला मार बसतो, आणि ते महिन्याभराने कळते.

फियाटची गोष्ट सरळ. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने 1100 डिलाइट 1964 मध्ये आणली, 1974 पासून तिचे नाव पद्मिनी झाले आणि 2001 च्या सुमारास ती थांबली. गणपतीला मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांच्या फियाटी आणि मुंबईत टॅक्सी म्हणून झिजलेल्या गाड्यांचे सुटे भाग, यांवर इथली गॅरेजे पोसली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली होती. 20 वर्षांची मुदत संपून ती 2023 मध्ये उतरली आणि सुट्या भागांचा तो झराही आटला. आज चांगला क्राऊन-पिनियन जोडीने मिळाला तर घेऊन ठेवावा. जोडीनेच. दोन्हींचे दात एकत्र घासून जुळवलेले असतात, एकाचा क्राऊन आणि दुसऱ्याचा पिनियन म्हणजे हमखास रडणारा ॲक्सल.

अॅम्बॅसेडर मॉरिस ऑक्सफर्डच्या वंशातली, उत्तरपाड्याची, 2014 पर्यंत निघाली. मधल्या काळात डिझेल आले, मग 1800 सीसीचे इसुझू इंजिन पाच गिअरसह आले. त्यामुळे ‘अॅम्बॅसेडरचा ॲक्सल’ एवढे सांगून भागत नाही, कोणत्या इंजिनामागचा ते विचारावे.

स्टँडर्ड हेराल्ड आता क्वचितच दिसते, पण तिच्याइतका बोलका दाखला नाही. तिच्या मागे मूळचा स्विंग ॲक्सल होता, प्रत्येक चाक आपापले झुलणारे. इथल्या गिऱ्हाइकांना आणि मेकॅनिकांना तो पटला नाही, म्हणून कंपनीने 1972 च्या गॅझेलमध्ये चक्क अखंड ॲक्सल आणि पाटे (पानांच्या स्प्रिंगा) घातले. आपल्याकडे मागचा ॲक्सल दणकटच हवा, हे कारखान्यानेच मान्य केले.

आता रेशोचा हिशेब, कारण आज लोकांची मागणी उलटी झाली आहे. महामार्ग बराचसा चौपदरी आणि कशेडीचा बोगदा झाल्यावर तीच जीप ताशी 80 ने पळवावीशी वाटते. 6.00-16 टायरचा घेर साधारण 2.23 मीटर. ताशी 80 म्हणजे मिनिटाला 1333 मीटर, म्हणजे चाकाचे सुमारे 598 फेरे. टॉप गिअर थेट असल्याने 5.375 च्या ॲक्सलवर इंजिन 3200 च्या वर फिरते, 4.875 वर 2900 च्या आसपास. पेट्रोल इंजिन हे सहन करते. पण ट्रॅक्टरच्या घराण्यातले, कमी फेऱ्यांचे डिझेल इंजिन घातलेल्या जीपला 5.375 चा ॲक्सल म्हणजे ताशी 60 लाच धाप. तिथे रेशो बदलणे योग्यच. मात्र 4.875 वर आल्यावर घाटातली ओढही जवळजवळ 9 टक्क्यांनी घटते. सपाट भागात फिरणाऱ्याला ते चालेल, आठवड्याला आंबोली चढणाऱ्याला नाही. दोन्ही हवे असेल तर ॲक्सलला हात न लावता पाच गिअरचा बॉक्स बसवणे आमच्या मते शहाणपणाचे. खर्च जास्त, पण घाटातला पहिला गिअर शाबूत राहतो. रेशो बदलला की स्पीडोमीटरही खोटे बोलू लागतो. तो गिअरबॉक्सवर चालतो, त्यामुळे 5.375 च्या जागी 4.875 घातल्यावर काटा 60 दाखवत असताना गाडी 66 ने धावत असते.

पत्रा फाटलेला, नंबर गंजलेला ॲक्सल हाती आला तर रेशो असा काढावा. गिअर न्यूट्रल, एक मागचे चाक जमिनीवर घट्ट, दुसरे जॅकवर. पिनियनच्या फ्लँजवर खडूची खूण करून उचललेले चाक बरोबर दोन फेरे फिरवायचे. फ्लँज जितके फेरे फिरला तितका रेशो. दोन फेरे यासाठी, की एक चाक थांबलेले असताना डिफरन्शियल निम्माच फिरतो.

जुळणीत मापे चार. एका ड्रमच्या तोंडापासून दुसऱ्या ड्रमच्या तोंडापर्यंतची रुंदी, पाट्यांच्या बैठकींमधले अंतर, चाकाच्या बोल्टांचे वर्तुळ, आणि पिनियन मध्यापासून किती सरकलेला आहे. चौथे माप लोक विसरतात. विलिजवंशी जीपमध्ये मागचा डिफरन्शियल मधोमध नसून उजवीकडे असतो, कारण ट्रान्सफर केसमधून शाफ्ट उजवीकडूनच निघतो. तिथे मधोमध पिनियनचा ॲक्सल टाकला की शाफ्ट आडवा तिरका चालतो आणि क्रॉस भराभर जातात. तसेच 118 एनई किंवा कॉन्टेसा या मोटारींचे ॲक्सल कॉइल स्प्रिंग आणि दांड्यांवर टांगलेले. ते पाट्यांच्या गाडीखाली घालायचे तर सगळ्या बैठकी नव्याने जोडाव्या लागतात.

बैठक जोडतानाच सगळ्यात जास्त ॲक्सल वाया जातात. क्रम असा ठेवावा: हाफ शाफ्ट, सील आणि तेल काढून हाउसिंग रिकामे करायचे. ते पाट्यांवर ठेवून गाडीचे पूर्ण वजन चाकांवर येऊ द्यायचे. मग पिनियन गिअरबॉक्सच्या शाफ्टला समांतर करायचा, आणि तेव्हाच बैठकीला दोन-दोन टाके मारायचे. गाडी जॅकवर लटकत असताना कोन लावला की खाली उतरवल्यावर पाटे दबतात, पिनियनचे तोंड फिरते आणि 50-60 च्या वेगाला गाडीची जमीन थरथरू लागते. पूर्ण वेल्डिंग तीन-चार सेंटीमीटरच्या तुकड्यांत, डावी-उजवी आलटून, मध्ये थंड होऊ देत करावे. एका दमात ओढलेला टाका नळी वाकवतो, आणि वाकलेल्या हाउसिंगमध्ये सील कितीही नवे घातले तरी गळतात. हाउसिंग कापून अरुंद करणे आणि हाफ शाफ्ट कापून जोडणे हे तर करूच नये. शाफ्टची कातडी कडक केलेली असते. वेल्डिंगच्या उष्णतेने ती मऊ पडते आणि शाफ्ट नेमका घाटात जातो.

आता खारी हवा. हर्णै किंवा मिरकरवाड्याहून मासळी वाहिलेल्या गाडीचा ॲक्सल दिसायला काळा, तेलकट आणि चांगला असतो. पण बर्फाचे खारट पाणी फळीतून नेमके त्याच्यावर ठिबकत असते. ब्रेकची मागची प्लेट, ब्रेक पाइप आणि यू-बोल्टचे आटे आतून गेलेले असतात. यू-बोल्ट जुने कधीच पुन्हा वापरू नयेत. पाटे सुटे करून प्रत्येक पान घासून मध्ये ग्रॅफाइट ग्रीस लावावे, नाहीतर दोन पावसाळ्यांत पाने फुगून एकमेकांना चिकटतात.

पुराचे पाणी वेगळे. 2005 आणि 2021 च्या जुलैत चिपळूण-महाड भागात कित्येक गाड्या बुडाल्या. साधी खाडीलगतची पाणंद ओलांडतानाही हेच घडते. तापलेला ॲक्सल गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते, आणि वरचे ब्रीदर (हवा येण्याजाण्याचे भोक) चिखलाने बंद असेल तर तो सीलमधून पाणी ओढतो. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी तळचा प्लग हळू सैल करावा. पाणी तेलापेक्षा जड, ते आधी येते. तेल दुधाळ चहाच्या रंगाचे निघाले तर सगळे काढून, हलके तेल घालून, चाके उचलून दोन मिनिटे फिरवून तेही काढावे. मग ईपी 90 भरावे आणि 300 किलोमीटरनंतर पुन्हा बदलावे. पिनियनच्या बेअरिंगवर रोलरइतक्या अंतरावर गंजाचे पट्टे दिसले तर ते बेअरिंग गेले. ॲक्सल आज शांत असला तरी तो पुढे आवाज देणारच. गॅस दिल्यावर आवाज आणि सोडल्यावर गप्प, असे असेल तर पिनियनची खोली आणि शिम (ती जुळवणाऱ्या पातळ चकत्या) पाहावेत. दोन्ही वेळा एकसारखी घरघर असेल तर बेअरिंगकडे जावे. ब्रीदर बंद म्हणून सील गळाला आणि तेल ब्रेक ड्रममध्ये उतरले, तर ब्रेक लाइनर धुऊन भागत नाही, बदलावेच लागतात. उतारावर एक चाक धरते आणि दुसरे नाही, म्हणून गाडी आडवी होते.

2021 मध्ये केंद्राने जुन्या गाड्यांसाठी नियम आणले. 50 वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली आणि चेसिस, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार न झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क 20 हजार रुपये. 1970 च्या आतबाहेरची फियाट किंवा जीप असलेल्याने चेसिसवर नव्या बैठकी जोडण्याआधी हे डोक्यात ठेवावे, आणि काढलेला मूळ ॲक्सल भंगारात न घालता तेल भरून, ब्रीदर आणि पिनियनचे तोंड बंद करून, पावसाच्या झडीपासून दूर, फळीवर उचलून ठेवावा.