ओव्हनमध्ये दोन पदार्थ म्हणजे डबल वेळ? नाही ना बाप्पा!

आमच्या गावात आता पाच-सहा घरी ओटीजी, म्हणजे कॉइलवर तापणारा छोटा विजेचा ओव्हन आला, अन् त्यासोबत एक गोष्टही फिरून राहिली की दोन पदार्थ संगं ठेवले तर टाइम दुप्पट लावा. हे चुकीचं आहे. हा हिशोब मायक्रोवेव्हचा आहे. त्याची पॉवर ठरलेली, 800 वॅट तर 800, तेवढीच सगळ्या पदार्थांत वाटल्या जाते, म्हणून एका बटाट्यापेक्षा चार बटाट्यांना खूप जास्त वेळ लागतो.

ओटीजीत थर्मोस्टॅट असतो. 180 डिग्रीवर लावला की आतली हवा थंड झाली तर कॉइल लाल होते, तापली की टक् आवाज येऊन बंद, काचेतून पाहा कधी. माल जास्त असला तर कॉइल जास्त वेळ चालू राहते, बस. म्हणून वेळ थोडाच वाढतो, दुप्पट नाही, अन् दुप्पट लावला तर केक करपतोच, माझ्या जावेचा रव्याचा केक असाच गेला, किती वाईट वाटलं तिला.

शेतात आपण रोडगे अन् वांगी एकाच गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतो ना, जे झालं ते आधी काढतो, तसंच इथं.

फक्त दोन ट्रेंमध्ये हवा फिरायला जागा सोडा, अर्धा वेळ झाला की वरचा ट्रे खाली अन् खालचा वर करा. अन् पाणी सुटणारी भाजी कुरकुरीत खारीसंगं नका ठेवू, वाफेनं खारी नरम पडते.